रत्नाताईंचा होकार

होकार मी दिला, हे आधी सांगून टाकतो. नंतर पुष्कळांनी मला समजावलं की दोष यंत्राचा, दोष कंपनीचा, मुकुंदराव तुम्ही कशाला मनाला लावून घेता. पण बटण दाबलं ते माझ्या अंगठ्याने. भाद्रपदातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेबाराला, सांगलीतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात, एका चिकित्सक गिऱ्हाइकाला अकरावी फ्रेम दाखवता दाखवता.

फोटो मंगल डवर नावाच्या बाईंनी टाकला होता. राधानगरीच्या जंगलाकडेचं त्यांचं गाव. परातीत पांढऱ्याशुभ्र अळंब्या, निवडून, धुऊन ठेवलेल्या. खाली लिहिलं होतं, 'नणंद सातव्या महिन्यात आहे. तिला अळंब्यांचेच डोहाळे लागलेत. आज डोहाळजेवण. चालतील ना?'

त्याखाली रत्नाताईंचं उत्तर आलेलं होतं. 'बिनधास्त कर गं. कांदा सढळ हाताने घाल, हळद बेताने. पोरीला पोटभर वाढ.'

आमच्या ग्रुपचा नियम असा की दोन होकार आल्याशिवाय रानातलं काहीही चुलीवर चढवायचं नाही. दुसरा होकार माझा. ताईंनी सांगितलंय म्हटल्यावर मी फोटो नीट उघडूनसुद्धा पाहिला नाही. गिऱ्हाईकही फ्रेम न घेताच गेलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. रत्नाताई त्याआधी सात महिने, माघात वारल्या होत्या.

'रानताट' हा आमचा ग्रुप रानभाज्या, कंद आणि अळंब्या ओळखणाऱ्यांचा. चारेक हजार माणसं. कुणी डोंगरात राहणारी, कुणी माझ्यासारखी रविवारी पिशवी घेऊन डोंगर चढणारी. रत्नप्रभा साळुंखे पाटणच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात ग्रुपवर आल्या. पुढची अकरा वर्षं कुणीही फोटो टाकावा आणि ताईंनी दोन ओळींत निकाल द्यावा, असं चाललं. तारेची सवय असलेल्या माणसासारखं मोजकं लिहायच्या, पण त्या मोजक्यातही कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची परीक्षा, कुणाची मोडलेली कंबर लक्षात ठेवून विचारपूस असायची. मला 'मुकुंदा' म्हणायच्या. माझी आई गेल्यावर मला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

मी त्यांना एकदाही भेटलो नाही. सांगली ते पाटण म्हणजे काही काशी नव्हे. सकाळी निघून जेवायला घरी परत येता येतं. तरी अकरा वर्षं जाऊ जाऊ करत राहिलो, आणि गेलो तो त्यांच्या तेराव्याला. भिंतीवरच्या फोटोत पहिल्यांदा त्यांचा सबंध चेहरा पाहिला. त्यांच्या पुतण्याने विचारलं, तुम्ही कोण? मला सांगताच येईना.

ताईंची बोलकी प्रत काढायची कल्पना माझी. 'अनुबोल' नावाची कंपनी हे काम करायची. गेलेल्या माणसाचं सगळं लिखाण यंत्राला वाचायला द्यायचं. ताईंच्या बाबतीत प्रत्येक उत्तराबरोबर, ते ज्या फोटोला दिलं तो फोटोही. यंत्र हजारो जोड्या पाहतं आणि त्यातून दोन गोष्टी शिकतं: कोणत्या फोटोला ताई काय म्हणतील, आणि ते कसं म्हणतील. पाठांतर करत नाही, वळण उचलतं. लहान मूल आईचं बोलणं उचलतं तसं. कधी न पाहिलेला फोटो समोर आला तरी त्या वळणाने उत्तर देतं. आणि माणसाचा ठामपणाही ते लिखाणातूनच घेतं. जो माणूस 'बहुतेक', 'असावं' असं लिहितो, त्याची प्रत चाचरते. जो ठाम लिहितो त्याची प्रत ठाम बोलते.

पुतण्याने संमती दिली. साफसफाईचं काम मी अंगावर घेतलं. कंपनीची सूचना होती की ज्या फोटोंना ताईंचं उत्तर नाही ते काढून टाका, उगाच यंत्राचा गोंधळ होतो. असे निरुत्तर फोटो निघाले दोन हजार तीनशे. दुकान सांभाळून, फावल्या वेळात, महिनाभर बसून मी ते एकेक करून उडवले. फार निगुतीने काम केलं.

प्रतीचं पहिलं उत्तर आलं त्या दिवशी ग्रुपवर लोक अक्षरशः रडले. तेच 'बिनधास्त', तेच 'अगं बाई, हे जनावरसुद्धा खात नाही'. माझ्याशी तर ती रोज बोलायची. सकाळी शटर उघडलं की मी फोनवर लिहायचो, ताई, उघडलं दुकान. उत्तर यायचं, आधी चहा घे मुकुंदा, मग जगाला डोळे दे. खाली कंपनीची बारीक अक्षरांत सूचना असायची, 'दिवंगत व्यक्तीची प्रत'. ती दर उत्तराखाली दिसायची आणि जिव्हारी लागायची. लोकांनी मागणी केली, ग्रुपचा चालक मीच, मी ती झाकून टाकली. सगळ्यांना माहीतच आहे की, असं आम्ही म्हणालो. पुढे येणाऱ्या नव्या माणसांना ते कसं माहीत असणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या मंगळवारी एक वाजता एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला आले. त्यांच्यासाठी भिंतीवरचा, फोनला जोडलेला मोठा पडदा लावला, तर फोनवर तसाच उघडा राहिलेला ग्रुप आणि त्यातला तोच फोटो त्यावर आला. हातभर मोठी परात. आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक अळंबीचं बूड विळीने छाटलेलं आहे.

वारुळावरची खायची अळंबी जमिनीत खोलवर मूळ सोडते. तिच्यासारखीच दिसणारी एक पांढरी जात आहे, तिच्या बुडाशी मातीत वाटीसारखी पिशवी असते. ही दुसरी खाल्ली की सहा-आठ तास, कधी दिवसभरही, काही होत नाही. मग उलट्या होतात, मग बरं वाटतं, आणि बरं वाटत असतानाच यकृत निकामी होत जातं. बूड पाहिल्याशिवाय दोघींत फरक करणं अवघड. आणि या परातीत एकीलाही बूड नव्हतं.

असाच फोटो मी टाकला होता, चार वर्षांपूर्वी. बूड छाटलेला. ग्रुपवर ताईंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्यांचा फोन आला होता.

"मुकुंदा, आत्ताच्या आत्ता फेकून दे. हात धू. विळीसुद्धा धू."

"ताई, मग ग्रुपवर लिहा ना तसं."

"शंका लिहून सांगायची नसते रे. एकदा लिहिली होती मी, एकाने तिचा अर्धा होकार धरला आणि दवाखान्यात गेला. फोनवर माणसाला आवाज ऐकू येतो, मग तो मुकाट्याने फेकतो."

असे फोन मला आठ-दहा वेळा आले असतील. मी कुणाला बोललो नाही. ताईंचा आपल्यावर विशेष जीव आहे, ही काय चारचौघांत मिरवायची गोष्ट आहे? म्हणून मनातच जपली होती.

म्हाताऱ्या गृहस्थांना तसंच खुर्चीत बसवून मी प्रतीला लिहिलं, 'ताई, मंगलच्या फोटोत बूड दिसत नाही. नक्की?'

'सांगितलं ना एकदा. बिनधास्त.'

'शंका नाही ना?'

'शंका कसली? तू जेवलास का?'

मंगलचा नंबर लावला, लागेना. सन दोन हजार सदतीस उजाडलं तरी त्या खोऱ्यात अजून रेंज म्हणजे नशिबाचा भाग. ग्रुपवर लाल अक्षरांत लिहिलं, खाऊ नका. पण ते ती कधी वाचणार? ग्रुपमधल्या फरीदा मुजावर राधानगरीला शिक्षिका होत्या. त्यांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"तिथल्या शाळेत वायरचा फोन आहे, हेडमास्तर ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना घरी पाठवते. पण सर, ताई कशा चुकल्या? बूड नसलं की ताई मला फोन करायच्या. म्हणजे... फक्त मलाच करायच्या, म्हणून मी कुठे बोलले नाही."

"फक्त तुम्हाला?"

त्या घाईघाईने "लावते फोन" म्हणाल्या आणि लाइन बंद झाली.

म्हणजे ताई सगळ्यांनाच फोन करत होत्या. आणि आम्ही सगळे शहाणे ते एकमेकांपासून लपवत होतो. अकरा वर्षांत त्यांना जिथे जिथे शंका आली, तिथे तिथे त्या ग्रुपवर गप्प राहिल्या. ती दोन हजार तीनशे गप्प उत्तरं मी माझ्या हाताने उडवली होती. यंत्राला मिळाल्या त्या फक्त खात्री असलेल्या रत्नाताई. शंका नावाची वस्तू जगात असते, हे त्या प्रतीला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोनला वीस कमी असताना शाळेच्या नंबरावरून फोन आला. धापा टाकणारा बाईचा आवाज.

"सर, मंगल बोलतोय. काय झालंय?"

"मंगलताई, अळंब्या कुणी कुणी खाल्ल्या?"

"अजून कुणी न्हाई. पयलं ताट गर्भारणीचं असतंय न्हवं, अश्विनीनं खाल्ली वाटीभर. बाकीच्या बायका आता बसायला लागल्यात."

"कुणालाही बसू देऊ नका. पातेलं तसंच बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवावं लागेल. अश्विनीला लगेच गाडीत घाला आणि कोल्हापूरला न्या. तिला काही होत नसलं तरी न्या."

"आवो पर ताईंनी हो म्हटलंय की."

समजावत बसायला वेळ नव्हता. प्रत, साफसफाई, शंका, यातलं काय सांगणार?

"ताई चुकल्या," मी म्हणालो.

पलीकडे रडण्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला. मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना दोनदा एकच भिंग लावून पाहिलं. शेवटी तेच म्हणाले, उद्या येतो.

साडेतीनला अश्विनी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात पोचली. तिला कोळशाची भुकटी पाजली, सलाइन लावलं. रानताटवरच्या एका प्राध्यापकांनी पातेल्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विषारी पांढरी जातच होती. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकशे चौदा जणांनी लिहिलं, ताई मलाही फोन करायच्या. प्रत्येकाच्या लिहिण्यात थोडी लाज होती, थोडा हिरमोडही. माझाही हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू.

बुधवारी सकाळी अश्विनीला उलट्या सुरू झाल्या. दुपारी कंपनीच्या बाईंचा फोन आला. आवाज एकदम मऊ. त्यांना घटनेचा अहवाल भरायचा होता.

"कारणाच्या रकान्यात 'मूळ व्यक्तीच्या ज्ञानातील मर्यादा' असं घातलं तर कुणावरच काही येत नाही, सर. तुमच्यावरही नाही. त्या आता हयात नाहीत, त्यांना काही फरक पडत नाही. तुमची फक्त सही हवी."

"त्यांना अळंबी कळत नव्हती, असा अर्थ होतो याचा."

"तांत्रिक शब्द आहे, सर. कोण वाचतंय?"

खरं सांगतो, मी त्या बाईंना लगेच नकार दिला नाही. उद्या कळवतो म्हणालो. माझं दुकान, माझं नाव, गर्भारशी बाईच्या जिवाचा प्रश्न, पोलीस, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि वर आठवलं की मंगलला 'ताई चुकल्या' म्हणून मी सही न करताच हे काम उरकून टाकलं होतं.

त्या दुपारी मी प्रत उघडली.

'ताई, ती पोर दवाखान्यात आहे.'

'अरे देवा. काय झालं तिला?'

'अळंब्या खाल्ल्या. तुम्ही हो म्हणालात त्या.'

'त्या चांगल्याच होत्या रे. दुसरं काही खाल्लं असेल. डॉक्टरांना नीट विचारायला सांग. आणि तू असा काळजी करत बसू नकोस, मुकुंदा.'

एवढा वेळ मी तिला ताई म्हणत होतो. माझ्या ताई हे वाचून ताडकन उठल्या असत्या, एसटी पकडून कोल्हापूर गाठलं असतं. मी प्रत बंद करायची सूचना दिली. यंत्राने तीन वेळा विचारलं, नक्की का, हे परत आणता येणार नाही. तिन्ही वेळा हो म्हटलं. मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडलो. माघात रडलो नव्हतो एवढा रडलो.

गुरुवारी पहिल्या बसने कोल्हापूरला गेलो. जाऊन काय करणार होतो, माहीत नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मंगल आणि तिची सासू हौसाक्का बसल्या होत्या. मंगल तिशीची, डोळे सुजलेले. मी नाव सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

"सर, तुमचा फोन आला म्हणून अकरा बायका वाचल्या," ती म्हणाली. "आक्का, हेच ते."

हौसाक्कांनी मला हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कशी आहे अश्विनी?"

"आज बरं वाटतंय म्हणती. चहा मागितला तिनं," मंगल म्हणाली. "पर डॉक्टर म्हणाले, बरं वाटतंय याच्यावर जाऊ नका, रक्ताचा आकडा येऊ दे."

आम्ही तिघं बसून राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. दार उघडलं की तिघंही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं. मंगल तिच्या फोनवर तोच परातीचा फोटो उघडायची, बघायची, बंद करायची.

साडेबाराला डॉक्टरीणबाई आल्या.

"यकृताचे आकडे उतरायला लागलेत. बाळाचे ठोकेही व्यवस्थित आहेत. चार दिवस इथेच ठेवू, पण धोका टळला असं समजा."

हौसाक्कांनी पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या. मग पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या.

"आता त्या पाटणच्या बाईला फोन लावून द्या मला."

"आक्का, जाऊ दे आता," मंगल म्हणाली.

"न्हाई, लावू दे. शिव्या न्हाई देत. एवढंच इचारतो तिला, दुसऱ्याच्या गर्भारशी लेकीला असं सांगताना तुझा हात कापला कसा न्हाई? परातीकडं धड बघितलंस तरी का गं बाई? सगळ्या गावात सांगतोय मी तिचं नाव. रत्नप्रभा साळुंखे. परत कुणी इचारलं न्हाई पायजे तिला."

अकरा वर्षांत त्या बाईच्या होकाराने एका माणसाचं पोट दुखलं नव्हतं. आणि आता डोंगराकडेच्या एका गावात तिचं नाव विषारी म्हणून फिरणार होतं. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं, कंपनीचा अहवालही तसाच गेला असता. मला हात जोडून झाले होते.

"त्यांना फोन लागणार नाही," मी म्हणालो. "त्या माघातच वारल्या."

मंगलने मान वर केली. "मग माझ्याशी कोण बोललं?"

"यंत्र. त्यांच्या उत्तरांवरून बनवलेलं. यंत्र आहे ही सूचना मी झाकून ठेवली होती. ताई असत्या तर त्यांनी तुम्हाला फोन केला असता, फेकून द्या म्हणाल्या असत्या. सगळ्यांना करायच्या. पण ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून यंत्राला कळलं नाही. आणि जिथे त्या गप्प बसल्या होत्या ते फोटो मीच काढून टाकले होते. दुसरा होकारही माझा होता. मी फोटो उघडून पाहिला नाही. ताई चुकल्या असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं."

मंगल भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत राहिली. हौसाक्का मात्र विचारात पडल्या होत्या. आतून अश्विनीचा, कुणाला तरी पाणी मागतानाचा आवाज आला, तो त्यांनी आधी ऐकून घेतला.

"मेलेल्या माणसाला बोलायला कशाला लावलं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

या प्रश्नाचं उत्तर मी कंपनीच्या अर्जात दोन पानं भरून दिलं होतं. ताईंचं ज्ञान वाया जाऊ नये, चार हजार लोकांची सोय व्हावी, पुढच्या पिढीला उपयोग व्हावा. त्यातलं एकही वाक्य त्या म्हातारीसमोर तोंडातून निघेना.

"करमत नव्हतं," मी म्हणालो.